पे-टीव्हीचे कार्ड, संगणक आणि आपली दुकानदारी

टीव्ही दुरुस्ती, छत्री बसवणे, केबलची जोडणी, संगणकाची विक्री आणि देखभाल या धंद्यांत आपले अनेक कारागीर बंधू आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून भिवंडी, मालेगाव, मिरज, सोलापूरपर्यंत लहान लहान दुकानांत बसून ते हे काम करतात. या दुकानांत दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक म्हणतो, "माझ्याकडे पैसे भरलेले कार्ड आहे. चित्र टीव्हीऐवजी संगणकावर दिसेल असे काही करून द्या." दुसरा म्हणतो, "एकाच कार्डावर शेजारची चार घरे चालतील असे करून द्या." दोन्ही कामांना लागणारे सामान जवळजवळ सारखेच असते. मात्र पहिले काम मेहनतीच्या कमाईचे आहे आणि दुसरे चोरीचे. ज्या दुकानदाराला या दोहोंतील फरक कळत नाही तो एकतर दोन्ही गिऱ्हाइके परत पाठवून धंदा गमावतो, नाहीतर दोन्ही कामे स्वीकारून दुकान गमावतो. म्हणून या विषयाची माहिती आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांपुढे सविस्तर ठेवणे आम्हास आवश्यक वाटते.

कुलूप कसे चालते?

डिजिटल वाहिनीचे चित्र आणि आवाज एकसलग येत नाहीत. ते लहान लहान गठ्ठ्यांत बांधून येतात. प्रत्येक गठ्ठा बरोबर १८८ बाइटचा असतो आणि त्यावर तो कोणत्या वाहिनीचा आहे याचा क्रमांक असतो. ट्रान्सपोर्टच्या मालावर मार्का असतो तसेच हे समजावे. पैसे भरून पाहण्याच्या वाहिनीत गठ्ठ्यावरचा मार्का उघडा असतो, पण आतला माल कुलूपबंद असतो.

हे कुलूप कोणाचे? १९९३ साली युरोपात डीव्हीबी ही संघटना स्थापन झाली. तिने १९९४ मध्ये सर्व कंपन्यांसाठी एकच सामाईक कुलूप ठरवले. पुढे जगातील फार मोठ्या भागात, भारतातही, हीच पद्धत आली. कुलूप एक असले तरी किल्ली पोहोचवणाऱ्या पेढ्या निरनिराळ्या आहेत. नॉर्वेची कोनॅक्स, फ्रान्सची व्हायाअ‍ॅक्सेस, नेदरलँड्सची इर्डेटो आणि स्वित्झर्लंडची नाग्राव्हिजन ही त्यांतील जाणती नावे. एका पेढीचे कार्ड दुसऱ्या पेढीच्या यंत्रात चालत नाही याचे कारण हेच आहे.

किल्ली केवळ ८ बाइटची असते, पण ती साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. एक किल्ली वापरात असतानाच पुढची येऊन पोहोचलेली असते, म्हणून चित्रात खंड पडत नाही. ही किल्ली छत्रीतून चित्राबरोबरच मोहोरबंद लिफाफ्यात येते. तिच्याबरोबर आणखी एक प्रकारचा संदेश येतो. कोणत्या कार्डाचे पैसे भरले आहेत आणि कोणाला कोणत्या वाहिन्या पाहण्याची परवानगी आहे, हे त्यात असते. आपण रिचार्ज केल्यावर काही वेळाने वाहिनी सुरू होते ती याच संदेशामुळे.

स्मार्टकार्डाचे काम एवढेच की लिफाफा घ्यायचा, परवानगी आहे का ते पाहायचे आणि असेल तर लिफाफा फोडून किल्ली बाहेर द्यायची. चित्र कार्डातून जातच नाही. म्हणूनच सेकंदाला सुमारे ९,६०० बिट इतक्या मंद गतीनेही कार्डाचे काम निभावते. चित्राचा प्रवाह मात्र सेकंदाला लाखो बिटचा असतो. तो उघडण्याचे काम कार्डाबाहेरचे यंत्र करते. हे यंत्र सेट टॉप बॉक्सच्या आत असते किंवा 'कॅम' नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असते. वाचकांनी ही विभागणी नीट ध्यानात ठेवावी. कार्ड किल्ली देते आणि मॉड्यूल कुलूप उघडते. पुढील सर्व चर्चा यावर अवलंबून आहे.

संगणकाला काय लागते?

संगणकावर कुलूपबंद वाहिनी पाहण्यासाठी चार वस्तू लागतात. पहिली ट्यूनर कार्ड. उपग्रहासाठी ते डीव्हीबी-एस किंवा एस-२ प्रकारचे आणि केबलसाठी डीव्हीबी-सी प्रकारचे घ्यावे लागते. हा फरक न पाहता माल उचलला तर तो पडून राहतो. दुसरी वस्तू ट्यूनरला जोडायचा 'कॉमन इंटरफेस' खण. तिसरी त्या खणात बसणारे ६८ टाचण्यांचे कॅम मॉड्यूल आणि चौथी मॉड्यूलमध्ये सरकवायचे ग्राहकाचे स्वतःचे, पैसे भरलेले कार्ड. या रचनेत कुलूपबंद प्रवाह संगणकातून मॉड्यूलमध्ये जातो आणि उघडून परत येतो. किल्लीचा व्यवहार कार्ड आणि मॉड्यूल आपसात उरकतात. संगणकाला त्यात हात घालावा लागत नाही. जर्मनीत २००० सालापासून 'व्हीडीआर' या मोफत आज्ञावलीच्या आधारे हौशी लोकांनी जुने संगणक अशा रीतीने घरच्या रेकॉर्डरमध्ये रूपांतरित केले.

दुसरी एक वाट आहे. कार्ड एका साध्या रीडरमध्ये घालून तो संगणकाला जोडायचा आणि मॉड्यूलचे काम आज्ञावलीकडून करून घ्यायचे. रीडर ही अगदी सामान्य वस्तू आहे. ती आयएसओ ७८१६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालते आणि मोबाइलचे सिम व बँकेचे चिपकार्ड हेही त्याच मानकाचे आहेत. परंतु या वाटेवर किल्ली संगणकात उघडी पडते. केवळ ८ बाइट, तेही दहा सेकंदांतून एकदा, एवढा लहान माल तारेवरून कोठेही पाठवता येतो. एका कार्डावर अनेक घरे चालवण्याचा बेकायदा धंदा येथूनच निघाला. रीडर निर्दोष आहे, पण कंपनीच्या परवानगीशिवाय ही वाट धरणारा कारागीर फार घसरड्या जागी उभा राहतो.

येथे खरेदीविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. २००८ साली युरोपात 'सीआय प्लस' हा नवा प्रकार आला. त्यातील मॉड्यूल उघडलेले चित्र पुन्हा कुलूपबंद करून टीव्हीकडे पाठवते आणि समोरच्या यंत्राकडे अधिकृत प्रमाणपत्र आहे की नाही ते तपासते. साध्या संगणकाकडे ते नसते, म्हणून असे मॉड्यूल संगणकात बसते पण संरक्षित वाहिनी दाखवत नाही. दुसरी गोष्ट, अनेक कंपन्या कार्ड आणि पेटी यांची जोडी बांधून देतात. ते कार्ड अन्य यंत्रात मुके होते. काही पेट्यांत तर वेगळे कार्डच नसते, सर्व काही आतल्या चिपमध्ये असते. म्हणून गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी त्याचे कार्ड कोणत्या पद्धतीचे आहे आणि ते जोडीत बांधलेले आहे काय, हे कंपनीकडे विचारून घ्यावे. हे न विचारता मॉड्यूल विकले तर माल परत येतो आणि शब्दही जातो.

एका रात्रीत बुडालेला धंदा

दुसऱ्याच्या कुलपावर उभा केलेला धंदा किती टिकतो हे युरोप आणि अमेरिकेच्या बाजाराने दाखवून दिले आहे.

ब्रिटनमध्ये स्काय कंपनीने १९९० च्या सुमारास 'व्हिडिओक्रिप्ट' पद्धत वापरात आणली. तेव्हा चित्र डिजिटल नव्हते. चित्राची प्रत्येक ओळ एका ठिकाणी कापून तिचे दोन तुकडे उलटसुलट लावले जात आणि कापण्याची जागा कार्डाच्या मदतीने कळत असे. स्कायची वर्गणी जर्मनीत मिळत नव्हती, पण उपग्रहाचे किरण तेथे पोहोचत होते. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचा सातवा भाग पाहण्यासाठी जर्मनीतील एका विद्यार्थ्याने 'सीझन-७' नावाची आज्ञावली लिहिली. घरचा संगणक एका छोट्या सर्किटमधून डीकोडरला जोडला की संगणकच कार्डाची जागा घेत असे. ही एका विद्यार्थ्याची हौस झाली. परंतु त्याच काळात बनावट कार्डांचा मोठा बाजार उभा राहिला होता आणि दुकानदारांनी त्यात भांडवल गुंतवले होते. १९९४ च्या मे महिन्यात स्कायने आपल्या वर्गणीदारांची जुनी कार्डे बाद करून नवी सुरू केली. जुन्या रहस्यावर बनवलेली बनावट कार्डे त्याबरोबर निकामी झाली. दुकानात पडलेला माल मातीमोल झाला आणि ज्यांनी तो विकत घेतला होता ते गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले. अशा वेळी दुकानदार कोणाकडे दाद मागणार?

अमेरिकेत डायरेक टीव्ही कंपनीने याहून वेगळी चाल खेळली. तिने अनेक महिने छत्रीवाटे कार्डांना बारीकसारीक संदेश पाठवले. बनावट धंदेवाल्यांना त्यांचा अर्थ लागला नाही. ते एकेक तुकडा स्वीकारत गेले. ते सर्व तुकडे मिळून एक हत्यार तयार झाले होते. २१ जानेवारी २००१, रविवार या दिवशी कंपनीने ते चालवले. हजारो फेरफार केलेली कार्डे कायमची निकामी झाली. अमेरिकी फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, त्यानंतर एका आठवड्याने होता. निकामी कार्डांच्या पहिल्या आठ जागी कंपनीने 'गेम ओव्हर' ही अक्षरे लिहून ठेवली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्या क्षेत्रात हा दिवस 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो.

विक्रीच्या वहीने काय केले?

आमच्या मते दुकानदारांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग यानंतरचा आहे. मे २००१ मध्ये बनावट सामान विकणाऱ्यांचा माल जेथून रवाना होत असे त्या ठिकाणी न्यायालयाच्या आदेशाने जप्ती झाली आणि विक्रीची नोंद कंपनीच्या हाती लागली. त्या नोंदीत ज्यांची नावे होती त्यांना कंपनीने पत्रे पाठवली. सुमारे ३,५०० डॉलर भरा, नाहीतर खटल्याला तयार व्हा, असा त्यांचा आशय होता. पुढे २० हजारांहून अधिक लोकांवर दावे दाखल झाले.

त्यांत चोर होते तसे निरपराधही होते. कार्ड लिहिण्या-वाचण्याचे यंत्र काही जणांनी संगणकाच्या सुरक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी घेतले होते. त्यांच्याकडे डायरेक टीव्हीची छत्रीसुद्धा नसेल, तरी यादीत नाव आहे एवढ्यावर त्यांना वकील करावा लागला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही नागरी हक्कांची संस्था आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे कायदा केंद्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. जून २००४ मध्ये कंपनीने मान्य केले की सर्वसामान्य उपयोगाचे कार्ड रीडर वा लेखनयंत्र केवळ विकत घेतले म्हणून ती कोणावर दावा करणार नाही. त्याच महिन्यात तेथील अपील न्यायालयानेही असे यंत्र नुसते बाळगले म्हणून कंपनीला दावा लावता येत नाही, असा निर्णय दिला.

सुतार पटाशी विकत घेतो म्हणून तो घरफोड्या ठरत नाही. अमेरिकेत हा साधा न्याय मिळायला तीन वर्षे लागली आणि मधल्या काळात पुष्कळांनी भीतीपोटी पैसे भरले. हत्यार निर्दोष असले तरी ते कोणत्या कामासाठी विकले याचा कागद नसेल, तर निर्दोष माणूसही अडचणीत येतो.

खरे कार्ड, वेगळी जागा

काही वेळा कार्ड खरे असते, पैसेही भरलेले असतात, तरी वाद उभा राहतो. इंग्लंडच्या पोर्ट्समथ शहरातील कॅरेन मर्फी या मद्यालय चालवणाऱ्या बाईंनी इंग्लिश फुटबॉलचे सामने गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ग्रीसमधील कंपनीचे कार्ड वापरले, कारण ते स्वस्त पडत होते. त्यांना दंड आणि खर्च मिळून सुमारे ८ हजार पौंडांचा भुर्दंड पडला. त्यांनी प्रकरण वरपर्यंत नेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की युरोपीय संघातील दुसऱ्या देशाचे कार्ड आणण्यावर बंदी घालणे खुल्या बाजाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. २०१२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. मात्र सामन्याबरोबर येणारी सुरुवातीची चित्रफीत, गीत, आलेख यांवर कॉपीराइट आहे आणि सार्वजनिक जागी ते दाखवण्यास परवानगी लागते, हेही त्याच निकालात आहे.

हा निकाल युरोपीय संघाच्या बाजारापुरता आहे. रत्नागिरी, रायगड भागातील आपले अनेक बांधव आखातात नोकरी करतात. परतताना कोणी रिसीव्हर आणि कार्ड घेऊन येतो आणि ते चालू करून द्या म्हणतो. त्या कार्डाचा करार त्या देशापुरता असेल तर येथे ते चालवण्याचा हक्क पोर्ट्समथच्या निकालाने मिळत नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतात कार्डाने चालणारी सेवा सामान्य घरांत २००३ पासून येऊ लागली. त्या वर्षी १ सप्टेंबरला चेन्नईत केबलसाठी कॅस पद्धत सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये डिश टीव्हीची थेट घरपोच सेवा आली. मुंबईत केबल पूर्णपणे डिजिटल करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती.

त्याच वर्षी, म्हणजे २०१२ साली, कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या इराद्याने संरक्षक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. 'इराद्याने' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेले काम या कलमातून वगळलेले आहे. मात्र अशा कामात जो दुसऱ्याला मदत करतो त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचा हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे हेच कलम सांगते. म्हणजे अमेरिकेत जी वही दुकानदाराच्या गिऱ्हाइकांच्या अंगावर आली, तीच वही आपल्याकडे इमानदार कारागिराची ढाल आहे. कायद्यानेच ती मागितली आहे.

हॉटेल आणि चहाच्या दुकानांच्या मालकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. घरगुती वर्गणी घरासाठी असते. प्रसारण पैसे आकारून लोकांना दाखवायचे तर प्रसारकाची परवानगी लागते, असे कॉपीराइट कायद्याचे कलम ३७ सांगते. व्यापारी जागेसाठी वर्गणीच्या अटी वेगळ्या असतात. त्या कंपनीकडून लेखी घ्याव्यात. फिटरने "चालतंय, लावून घ्या" म्हटले, एवढ्यावर राहू नये.

दुकानात काय पाळावे?

१) संगणकाला कार्ड वा मॉड्यूल जोडण्याचे काम घेताना वर्गणीची पावती पाहावी आणि ती कोणाच्या नावावर आहे ते तपासावे.

२) बिलावर वस्तूचे नाव स्पष्ट लिहावे. 'रीडर' विकला तर 'रीडर' लिहावे आणि वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व कामाचा हेतू नोंदवावा.

३) एका कार्डावर अनेक घरे, फेरफार केलेली कार्डे, 'वर्षभर सर्व वाहिन्या' असे गुप्त नंबर या कामांना पहिल्याच दिवशी नाही म्हणावे. नात्यातील माणसालाही अपवाद करू नये.

४) कंपनीच्या लेखी उत्तराशिवाय मॉड्यूल चालेल अशी हमी देऊ नये.

५) शिकाऊ मुलांचा हात बसवण्यासाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा उत्तम आहे. तिला मासिक वर्गणी नाही आणि तिच्या एमपीईजी-२ वाहिन्या कुलूपबंद नसतात. साधे डीव्हीबी-एस ट्यूनर कार्ड लावून संगणकावर चित्र आणण्याचे सर्व शिक्षण तिच्यावर होते.

पुढचा बाजार

या विद्येचा उपयोग टीव्हीपुरता नाही. जीएसटी, निविदा आणि कंपनीची कागदपत्रे यांसाठी व्यापारी जे डिजिटल सहीचे टोकन वापरतात त्यात स्मार्टकार्डासारखीच चिप असते. रीडर का ओळखला जात नाही, ड्रायव्हर कोठे अडला, कार्डाचे संपर्क का मळले, हे ज्याला टीव्हीच्या कार्डावर कळले त्याला टोकन आणि बँकेच्या कार्डयंत्राशी निगडित कामेही जमतात. अशी कामे करणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत हवा असतो. त्याच्या हाती लोक आपली सही सोपवतात, म्हणून त्याचे नाव स्वच्छ असावे लागते.

टीव्हीच्या बाजूलाही दार बंद झालेले नाही. थेट घरपोच सेवेच्या २००१ च्या सरकारी नियमांतच पेटी खुल्या रचनेची असावी असे म्हटले होते. प्रत्यक्षात कंपनी बदलली की गिऱ्हाइकाला पेटीही बदलावी लागत आली. ११ एप्रिल २०२० रोजी ट्रायने सर्व पेट्या कोणत्याही कंपनीबरोबर चालाव्यात आणि टीव्हीला यूएसबीवर बसणाऱ्या मॉड्यूलसाठी खुली जागा असावी, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. परंतु पेटी आणि मॉड्यूल जेव्हा खुल्या बाजारात विकले जातील, तेव्हा ते बसवून देणारा जाणता कारागीर गल्लीतलाच लागेल. आमच्या कारागीर बंधूंनी हे काम आतापासून शिकून ठेवावे आणि आपली नोंदवही स्वच्छ ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.